दुसऱ्या पाळीतला सेंटर हाफ

नागपूरला जाऊन आलो म्हटले की लोक आधी माझ्या पिशवीकडे पाहतात. मे महिन्यात नागपुरात संत्री नसतात हे मलाही तिथे गेल्यावरच कळले, तेव्हा त्यांना दोष देत नाही. मी गेलो होतो फुटबॉलचा प्रशिक्षक व्हायला. आमच्या कोल्हापुरात हे सांगितले की लोक आणखीच चमत्कारिक नजरेने पाहतात. फुटबॉल शिकायला कोल्हापूरच्या माणसाने आठशे-नऊशे किलोमीटर जायचे, म्हणजे पैलवानाने कुस्ती शिकायला बायकोच्या माहेरी जाण्यासारखे.

पण माझी अडचण वेगळी होती. मी शाळेत चार वर्षे रजेच्या जागेवर होतो. ज्यांच्या जागेवर होतो ते ड्रिलचे गुरुजी दर जूनला आपली रजा वाढवत आणि मला दर जूनला नवा कागद मिळे. यंदा मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितले, की फुटबॉल प्रशिक्षकाची एक कायमची जागा मंजूर झाली आहे. शाळा उघडेपर्यंत प्रमाणपत्र आणा आणि जागा घ्या. नाही आणले तर संस्थेच्या चिटणीसांचे भाचे आहेतच, त्यांच्याकडे ते आधीपासून आहे. मी त्याच संध्याकाळी वळकटी बांधली.

पहिला आठवडा : ऊन आणि रस्सा

आमच्या शिबिराची सोय एका शाळेत होती. बाकडी भिंतीला लावून खाटा टाकल्या होत्या आणि खिडक्यांना वाळ्याचे ताटे. ताट्यांवर पाणी मारणारा माणूस दुपारी झोपला की आम्ही सगळे जागे होत होतो. नागपूरचे ऊन अंगाला लागत नाही, ते अंगात येऊन बसते. पहिल्याच सकाळी पहारेकऱ्याने माझ्या खिशात एक कांदा घातला आणि तो काढायचा नाही अशी तंबी दिली. लू लागू नये म्हणून इथे शहाणीसुरती माणसे खिशात कांदा घेऊन कचेरीत जातात. मी हसलो. चौथ्या दिवशी सोलापूरचा एक उमेदवार मैदानावर चक्कर येऊन पडला, त्या दिवसापासून मी दोन्ही खिशांत कांदे ठेवू लागलो.

तिखटाच्या बाबतीत आम्ही कोल्हापूरकर कोणाचे ऐकून घेत नाही. एका सावजी खानावळीत मी मालकाला ऐटीत म्हटले, जरा झणझणीत असू द्या. त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिले. रश्श्यावर काळसर तर्री होती आणि पहिला घास खाल्ल्यावर काहीच झाले नाही. दुसरा घास घेईपर्यंत पहिला घास कामाला लागला. पुढचे दोन दिवस मी वर्गात दाराजवळच्या खाटेवर बसून फुटबॉलचे नियम लिहून घेतले. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा अभिमान अजूनही आहे, फक्त आता मी तो नागपूरकरांसमोर बोलून दाखवत नाही.

आमचे शिक्षक भादुरी साहेब. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, वाळकुडे, जन्म नागपुरातला, पण हिंदी बोलताना तोंडात रसगुल्ला असल्यासारखे. फळ्याऐवजी ते टेबलावर संत्र्याच्या गोळ्या मांडून डावपेच समजावत. बावीस गोळ्या, दोन रंगांच्या कागदातल्या. व्याख्यान रंगले की विद्यार्थी हळूच एकेक गोळी तोंडात टाकत, त्यामुळे तासाच्या शेवटी एका संघाची डावी बाजू नेहमी उघडी पडायची. साहेबांना ते कळायचे, पण ते त्यावरही काहीतरी शिकवायचे.

त्यांचे म्हणणे एकच. चार-दोन-चार आता जुने झाले, आपापली जागा धरून उभे राहण्याचे दिवस गेले. बॅक पुढे गेला तर हाफने मागे आले पाहिजे, कोणीही कोणाच्या जागी खेळू शकला पाहिजे. जो खेळाडू फक्त स्वतःची जागा सांभाळतो तो खेळाडू नव्हे, खुर्ची आहे. आमच्या तालमींच्या संघांचा डाव मला माहीत होता : चेंडू जिकडे, अख्खी पेठ तिकडे. त्या मानाने हे फार सुंदर वाटले. पण असे खेळणारी माणसे आणायची कुठून, हे साहेबांनी सांगितले नव्हते.

तिसरा आठवडा : गिरणीचे मैदान

शेवटच्या आठवड्यात प्रत्यक्ष परीक्षा होती. प्रत्येक उमेदवाराला गावातला एक संघ द्यायचा. सहा संध्याकाळी त्याला शिकवायचे आणि रविवारी सकाळी सामना. निम्मे गुण त्यावर. माझ्या वाट्याला एका कापड गिरणीचा संघ आला. त्यांचा सेंटर हाफ लक्ष्मण पराते सगळ्या नागपुरात गाजलेला. त्याने डोक्याने मारलेला चेंडू गोलरक्षक अडवत नाही, वाट देतो, असे पानवालासुद्धा सांगत होता. समोर पुण्याचे उमेदवार गद्रे यांचा संघ, कन्हानकडच्या खाणकामगारांचा. गद्रे यांच्या वहीला अनुक्रमणिका होती. त्यांच्याकडे थर्मासही होता.

गिरणीत संघाची व्यवस्था टाइमकीपर देवघरे यांच्याकडे होती. मी त्यांना नीट पत्र लिहिले : रोज सायंकाळी पाच वाजता अकरा माणसे मैदानावर हजर ठेवावीत. हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिले, हे आधीच कबूल करून टाकतो. देवघऱ्यांनी पानाचा तोबरा सांभाळत पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, "अकराचे अकरा भेटतीन, सर. आमच्या इथं एकही साचा रिकामा राहत नाही." साचा म्हणजे कापड विणायचे यंत्र, हे मला तिथेच कळले. मग त्यांनी नावांची यादी माझ्या हातात दिली.

सोमवारी पाचला अकरा माणसे ओळीत उभी. मी यादी वाचली. "लक्ष्मण पराते?" तिशीचा एक सडपातळ माणूस, कानाजवळचे केस पांढरे झालेले, हात वर करून म्हणाला, "हजर." मी पुढे होऊन त्याच्याशी हस्तांदोलन केले. तो जरा दचकला.

चेंडू खेळायला लागल्यावर मी दचकलो. पराते डोक्यावर आलेला चेंडू पाहून खाली वाकत होता. राइट आउटला उजवा पाय आहे की नाही अशी शंका यावी. गोली चेंडू धरण्याआधी डोळे मिटून घेत होता. म्हटले, असते असे. आमच्याकडेही पेठेत गाजलेला माणूस मैदानात पाहिला की वाटते, गाजवणारे कोण होते.

मग मी डावपेचांकडे वळलो आणि चमत्कार पाहिला. बॅक पुढे गेला की त्याची जागा भरायची, एवढे मी एकदाच सांगितले. दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. कोणी जागा सोडली की दुसरा न बोलता तिथे जाऊन उभा राहायचा, आणि त्याच्या जागी तिसरा. चेंडू कोणाच्या पायात राहत नव्हता ही गोष्ट खरी, पण जागा एकही रिकामी नव्हती. भादुरी साहेबांच्या गोळ्या जणू चालू लागल्या होत्या. मी परातेला विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले? तो म्हणाला, "सवय हाय नं, सर. आज याच्या साच्यावर, उद्या त्याच्या. ज्याची जागा मोकळी, थे आपली." मी वहीत लिहिले : गिरणी कामगारांत सामूहिक बुद्धी उपजत असते. गद्रे यांनी ते वाक्य माझ्याकडून मागून उतरवून घेतले.

गुरुवार : इंदोरा

गुरुवारी सराव संपल्यावर पराते मला चहाला घरी घेऊन गेला. इंदोरा वस्तीच्या बाजूला दोन खोल्या, दारात ओला सडा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी शेजारी शेजारी. दीक्षेच्या दिवशी वडिलांचा हात धरून तो मैदानावर गेला होता, एवढी गर्दी होती की त्याला दिवसभर फक्त पांढरी धोतरे दिसली, असे तो सांगत होता. शेजारपाजारचे त्याला सुखदेव म्हणत होते. मला त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्याकडे पाळण्यातले नाव दत्तात्रय असलेला माणूस जन्मभर बापू म्हणून वावरतो.

त्याच्या बायकोने आधी पन्हे दिले, मग चहा, मग नको म्हणत असताना ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी. कोल्हापुरात नव्या माणसाला विचारतात, कुठल्या पेठेतले. तिने मला विचारले, "तुमी कायम हाय का जी, गुरुजी?" मला ठसका लागला. मी चार वर्षांचे सगळे सांगून टाकले, चिटणीसांच्या भाच्यासकट. परक्या ठिकाणी, चटणी खाता खाता, मी एवढे का बोललो कोणास ठाऊक. शेवटी ती नवऱ्याकडे हात करून म्हणाली, "होईन. यायले तर नऊ वर्स झाले गिरणीत." मी मनातल्या मनात त्या नऊ वर्षांचा हेवा केला आणि आणखी अर्धी भाकरी घेतली.

रविवार : सामना

सकाळी साडेसहाची वेळ, ऊन चढायच्या आत. मी मैदानावर पोचलो तर गिरणीच्या निळ्या जर्सी घातलेली अकरा अनोळखी माणसे चेंडू उडवत होती. रुंद खांद्याची, तेल लावलेल्या पायांची. मी त्यांना सभ्यपणे सांगितले, की मैदान आज आमच्यासाठी राखून ठेवले आहे. त्यांच्यातला जाड मानेचा, मिशाळ गृहस्थ पुढे आला आणि म्हणाला, "मी पराते."

मी मागे पाहिले. दोरीच्या पलीकडे माझे अकरा जण इस्त्रीचे सदरे घालून, बायकापोरांसह, शेंगदाणे खात बसले होते. माझ्या परातेने हात हलवला.

देवघरे यांनी मला कडुलिंबाखाली नेऊन खुलासा केला. संघातली माणसे या पंधरवड्यात दुसऱ्या पाळीला होती, दुपारी तीनपासून रात्रीपर्यंत साच्यावर. पाचला ती मैदानावर येणार कशी? गिरणीत कोणी आले नाही तर त्याच्या साच्यावर बदली कामगार घेतात. ती माणसे रोज सकाळी फाटकाशी उभी असतात, ज्याची जागा मोकळी असेल तिथे जातात. तसेच त्यांनी माझ्याकडेही अकरा बदली पाठवले. ज्याच्या जागेवर आला त्याच्या नावाला त्याने हजर म्हणायचे, कारण हजेरी जागेची असते. "तुमी अकरा मानसं मागतले, सर," देवघरे दुखावल्यासारखे म्हणाले, "मानसाचं नाव कोठी मागतलं?"

माझा पराते म्हणजे सुखदेव मेश्राम. नऊ वर्षे बदली. मी खिशातला कांदा काढून हातात घेतला. काय करायचे होते मला माहीत नाही, पण काहीतरी घट्ट धरावेसे वाटले.

पहिला अर्धा डाव मी विसरायचा प्रयत्न करतो आहे. खरा पराते खरोखर थोर होता. त्याच्या टप्प्यात आलेला प्रत्येक चेंडू त्याने डोक्याने परत पाठवला. पण तो टप्पा सोडायला तयार नव्हता. त्याचा बॅक पुढे गेला, मागे वाट उघडी पडली, मी ओरडलो, परातेने कंबरेवर हात ठेवून पायाखालची जमीन दाखवली. "माही जागा हे हाय." बाकीचे दहाही तसेच. दहा-दहा वर्षे एकेका जागेवर कायम असलेली माणसे ती. खाणकामगार मधल्या मोकळ्या वाटांनी फिरून आले आणि दोन गोल करून गेले. भादुरी साहेब छत्रीखाली बसून लिहीत होते. गद्रे यांनी थर्मासातला चहा ओतला.

मध्यंतरात मी जाहीर केले, की परातेला बाहेर घेतो आणि मेश्रामला आत पाठवतो. दोन बदल नियमात बसत होते. पराते आवाज न चढवता म्हणाला, "मी हजर असतानी बदली? कोन्या कायद्यानं?" आणि उरलेले दहा जण येऊन त्याच्या मागे उभे राहिले. मी मेश्रामकडे पाहिले, तर तोही मान हलवत होता. कायम माणूस फाटकातून आत आला की बदलीने घरी जायचे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही, असे त्याने मलाच समजावले. माझे प्रमाणपत्र, कायमची जागा, सगळे त्या कडुलिंबाखाली मातीत जात होते आणि हे लोक एकमेकांचा मान राखत होते.

तेव्हा मेश्रामच म्हणाला, "सर, पाळी बदलते तवा आमी चार्ज देतो. कोठी धागा तुटून राहिला, कोनता साचा वढून राहिला, थे सांगूनच मानूस घरी जाते. साचा तर चालूच राहते. थो चार्ज देऊ का?"

मी परातेकडे पाहिले. चार्ज घेण्याला त्याची हरकत नव्हती. चार्ज न घेता साच्यावर उभा राहतो तो कसला कामगार, असे उलट तोच म्हणाला.

मग अकरा जोड्या झाडाखाली उकिडव्या बसल्या. प्रत्येक बदली आपापल्या कायम माणसाला सांगत होता : तो गेला की तू इकडे, तू गेला की हा मागे. शेंगदाण्यांची टरफले मांडून, जमिनीवर बोटाने रेघा ओढून. मी पाण्याचा जग घेऊन उभा होतो. माझा डाव पहिल्यांदा कोणीतरी नीट शिकवत होते आणि तो मी नव्हतो.

दुसऱ्या अर्ध्यात गिरणीचा संघ हलू लागला. एक गोल फिटला. मग आमच्या गोलीने चार्ज जरा जास्तच मनावर घेतला. मागे कोणीतरी येतेच, असे त्याच्या बदलीने त्याला सांगितले होते, म्हणून तो चेंडू घेऊन पार मधल्या रेघेपर्यंत गेला. मागे कोणी आले नव्हते. खाणकामगारांच्या सेंटर फॉरवर्डने तिथूनच चेंडू ढकलला, तो रमतगमत जाळ्यात गेला. हसण्याचा आवाज मैदानभर पसरला. मीही हसलो, कारण रडायला वेळ नव्हता.

शेवटची दहा मिनिटे राहिली असताना पराते रेघेपाशी आला. दम लागलेला, पण लंगडत नव्हता. त्याने जर्सी काढली आणि दोरीपलीकडे मेश्रामच्या हातात दिली. "मी आज गैरहजर," तो देवघऱ्यांना म्हणाला. "लिवून घ्या." देवघरे तोंडातले पान विसरले. मेश्राम जागचा हलेना. पराते म्हणाला, "जा गा. तुले सगळ्याईच्या जागा माहीत हाय. मले एकच."

मेश्राम आत गेला. जर्सी त्याला झग्यासारखी होत होती. चेंडू अजूनही त्याच्या पायात राहत नव्हता, पण तो जिथे नको होता तिथे कधीच नव्हता. तो डावीकडे धावला आणि आमची मधली जागा उघडी पडली, तेव्हा बाहेरून पराते गरजला, "मेश्राम गेला, तू आत ये नं! जागा काय पकडून राहिला!" बॅक आत आला, चेंडू फिरला, दुसरा गोल झाला. तिसरा झाला नाही. आम्ही दोनाला तीन असे हरलो आणि परातेने मेश्रामला उचलून घेतले, तेव्हा बघणाऱ्याला वाटावे आम्हीच जिंकलो.

परीक्षेचा कागद

दुपारी अहवाल भरायचा होता. त्यात एक रकाना होता : सहा दिवस प्रशिक्षण दिलेल्या खेळाडूंची नावे. फक्त नोंदलेले खेळाडू धरले जातील, अशी खाली टीप. देवघऱ्यांनी प्रेमाने सल्ला दिला, की यादीतली कायम नावे लिहून टाका, कागद अडणार नाही. खोटे बोलण्यासाठी मला काहीच करायचे नव्हते, छापील यादी उतरवायची होती. गद्रेही म्हणाले, लिहा हो, कोण विचारतो.

मी साधुसंत नाही. पहिली तीन नावे मी यादीतलीच लिहिली. चौथे परातेचे आले आणि हात थांबला. सहा दिवस मी एका माणसाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारली होती, त्याच्या घरची भाकरी खाल्ली होती आणि तो प्रत्येक वेळी हजर म्हणाला होता. मला स्वतःची लाज वाटली. मी कागद फाडला, नवा मागून घेतला, आणि उन्हात चालत इंदोऱ्याला गेलो. मेश्रामने बसून एकेकाचे खरे नाव सांगितले. अकरावे लिहून झाल्यावर त्याने कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, हा वर साहेबाकडे जाणार का? मी हो म्हटले. त्याने तो बायकोला नेऊन दाखवला.

भादुरी साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, "कोच तुम अच्छे हो, शेलार. लेकिन ये लोग टीम में नहीं हैं, और जो टीम में हैं उनको तुमने सिखाया नहीं." मग त्यांनी मला तात्पुरते प्रमाणपत्र दिले. एक वर्ष चालणारे. पुढच्या मे महिन्यात पुन्हा नागपूर, पुन्हा सहा दिवस, मग कायमचे. कायमची जागा गेली हे मला तिथेच कळले.

सोमवारी गाडीच्या आधी मी गिरणीच्या फाटकाशी गेलो. तीस-चाळीस माणसे डबे घेऊन उभी होती, त्यांत मेश्राम. मी त्याला कागद दाखवला आणि म्हटले, मीही एक वर्ष बदलीच. मला वाटले तो हळहळेल. तो म्हणाला, "मंग काय झालं, सर. सकाळी लवकर येऊन उभं राहाचं. मानूस दिसला पायजे." तेवढ्यात आतून देवघऱ्यांनी कोणाचे तरी नाव पुकारले. मेश्रामने हात वर केला, हजर म्हणाला आणि आत गेला.

शाळा उघडली त्या दिवशी मी तासभर आधी जाऊन फाटकाशी उभा राहिलो. शिपाई किल्ल्या घेऊन आला आणि मला पाहून म्हणाला, "सर, एवढ्या लवकर? तुमची यंदाची ऑर्डर अजून निघाली नाही."

"निघू दे की," मी म्हटले. "मी आलोय."